दिवाडीचे बिशप मातेउश द कास्त्रो

संपादक महोदय,

गोव्यातल्या मिशनरी बिशपांचा विषय निघाला की आपल्याला युरोपातून आलेलेच आठवतात. दिवाडी बेटावर ब्राह्मण ख्रिस्ती घरात जन्मलेले मातेउश द कास्त्रो मात्र फारसे कोणाला ठाऊक नसतात, याची मला मनापासून खंत वाटते.

गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना धर्मगुरूची दीक्षा नाकारली. हा माणूस गप्प बसला नाही, थेट रोमला गेला! 1622 साली स्थापन झालेल्या 'प्रोपागांडा फिदे' या धर्मप्रसार संस्थेने त्यांना आधार दिला, तिथेच ते शिकले, धर्मगुरू झाले आणि 1637 मध्ये बिशपही. लॅटिन परंपरेतले, म्हणजे रोमचा उपासनाविधी पाळणाऱ्या कॅथलिक चर्चमधले, ते पहिले भारतीय बिशप.

परतल्यावर पोर्तुगीजांनी त्यांचा अधिकार मानलाच नाही. पूर्वेकडचे बिशप नेमण्याचा हक्क आपल्या राजाचा, हा त्यांचा दावा. शेवटी कास्त्रो यांनी ठाणे मांडले ते डिचोलीत, तेव्हाच्या आदिलशाही मुलखात, म्हणजे मांडवीपलीकडे हाकेच्या अंतरावर. विजापूरला गोव्यावर चढाईसाठी चिथावल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. ते तापट होते हे खरे, पण स्वतःच्या गावाजवळ परक्या राज्याचा आसरा घ्यावा लागलेल्या माणसाचा संताप मला समजतो. त्यांचा शेवट रोममध्येच झाला.

गोवा आणि सिंधुदुर्गातल्या शाळांमध्ये स्थानिक इतिहास शिकवताना त्यांच्यावर निदान एक पान असावे. डिचोलीत त्यांच्या नावाचा ठळक माहितीफलक लावावा, ही विनंती.

— एक वाचक, सावंतवाडी