व्हॉल्व्ह गळतोय, पण का गळतोय?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

"छाती न फाडता हृदयाचा व्हॉल्व्ह दुरुस्त, दोन दिवसात घरी" असल्या बातम्या हल्ली सारख्या येतात, आणि आली की लोक मोबाईल नाहीतर कात्रण घेऊन माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हजर, "आमच्या आईला चालंल का हो हे?" बातमी खोटी नसते पण अर्धी असते, म्हणून लिहितोय.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधे मायट्रल व्हॉल्व्ह असतो, त्याला दोन पाकळ्या. त्या नीट मिटल्या नाहीत की रक्त उलटं फिरतं, फुफ्फुसात दाब वाढतो, मग जिना चढताना धाप, रात्री उताणं झोपवत नाही, पायाला सूज. बातमीतला छाती न फाडता होणारा उपचार म्हणजे क्लिप, त्यात जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डावीकडं जातात आणि कपड्याच्या चिमट्यासारखी क्लिप दोन्ही पाकळ्यांना मधोमध लावतात. हृदय चालूच असतं, डॉक्टर अन्ननलिकेतून सोडलेल्या सोनोग्राफीवर बघत काम करतात. त्यासाठी बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते, त्यामुळं "काय नाय, सलाईन लावल्यासारखं आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मूळ कल्पना इटलीचे सर्जन ओतावियो आल्फिएरी यांची, त्यांनी १९९१ मध्ये छाती उघडून पाकळ्यांना मधे टाका घातला होता. क्लिप पहिल्यांदा माणसाला लावली २००३ मध्ये आणि अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली २०१३ मध्ये.

आता बातमीत जे नसतं ते. गळतीचे तीन प्रकार. पहिल्यात पाकळीच सैल झालेली असते किंवा तिला धरणारे दोरे तुटलेले असतात. अशा माणसाची तब्येत धडधाकट असंल तर आजही ऑपरेशन करून दुरुस्ती हाच पहिला मार्ग, वय आणि बाकीची दुखणी बघून ऑपरेशन झेपणार नसंल तर क्लिप. त्यामुळं "आता वय झालं, काही करता येत नाही" असं सांगून घरी पाठवलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पोरांनी हा प्रश्न जरूर विचारावा.

दुसऱ्या प्रकारात पाकळ्या चांगल्या असतात पण अटॅकनंतर किंवा दुसऱ्या कारणानं हृदय ताणून मोठं झालेलं असतं, म्हणून त्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. यावर २०१८ मध्ये दोन मोठे अभ्यास आले. अमेरिका-कॅनडातल्या ६१४ पेशंटच्या कोॲप्ट नावाच्या अभ्यासात दोन वर्षांत नुसत्या औषधांवर असलेल्यांत शंभरातले साधारण ४६ गेले, क्लिपवाल्यांत २९. फ्रान्सच्या ३०४ पेशंटच्या अभ्यासात मात्र वर्षभरात काहीच फरक दिसला नाही. जाणकार याची दोन कारणं सांगतात, फ्रान्समधल्या पेशंटची हृदयं गळतीच्या मानानं जास्तच फुगलेली होती, आणि कोॲप्टमध्ये आधी औषधं पेशंटला सोसतील तेवढ्या पूर्ण डोसला नेऊन मगच क्लिपचा विचार केला होता. हे दुसरं मला लई महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्याकडं गारगोटीला किंवा गगनबावड्याला एसटीनं जायचं असलं की लघवीची गोळी त्या दिवशी बाद, वाटेत उतरायचं कुठं म्हणून! बरं वाटलं की निम्म्या गोळ्या बंद, आणि मीठ कमी करा म्हटलं तरी ताटात लोणचं आणि खर्डा असतोच. ही गाडी रुळावर न आणता क्लिपसाठी जमीन विकायला काढणारे लोक मी बघितलेत.

तिसरा प्रकार संधिवाताच्या तापाचा, आणि बातम्यांमधे त्याचा उल्लेखच नसतो. लहानपणी घसा सुजतो, मग सांधे धरतात, आणि पुढं काही वर्षांनी व्हॉल्व्ह बिघडलेला कळतो, पुष्कळदा बाळंतपणाच्या वेळी. यात पाकळ्या जाड होतात, कडेला चिकटतात, वाट अरुंद होते, त्यात क्लिप लावली तर आणखी अरुंद. म्हणून अशांना ती सहसा चालत नाही. अरुंदपणाच जास्त असंल तर फुग्यानं वाट मोठी करतात, गळती जास्त असंल तर बहुतेकदा छाती उघडूनच ऑपरेशन. यांना खरा आधार दर एकवीस दिवसांच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनचा, पण ते कधीकधी बाजारात मिळत नाही आणि मिळालं तर रिॲक्शनच्या भीतीनं काही दवाखाने टोचायला तयार नसतात, पोरगी इंजेक्शन पिशवीत घेऊन हिंडत बसते. यावर एक बातमी येऊ द्या की.

तर विनंती एवढीच, असली बातमी छापताना कुठल्या गळतीला हे चालतं, एकूण खर्च किती आणि महात्मा फुले योजनेत त्यातलं काय बसतं हे डॉक्टरांना विचारून छापत जा. आणि मजकूर पैसे घेऊन छापलेला असंल तर वर "जाहिरात" हा शब्द जरा मोठ्या अक्षरात टाका, आमच्या गिऱ्हाईकांचे चष्मे जाड आहेत.

आपला नियमित वाचक,
एक मेडिकलवाला, मंगळवार पेठ, कोल्हापूर