परकी कीड आणि आमची बरणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील ‘परक्यांच्या किडींवर आपला पैसा कशाला?’ हे स्फुट मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात ते उपरोधाने लिहिले असावे अशी माझी समजूत झाली होती. वनस्पतींच्या रोगकिडींवरील संशोधनासाठी अनेक देशांनी मिळून खर्च उचलणे हा आपल्याला दानधर्म वाटतो. रोगकिडींवरील संशोधनाची सांगड घालणाऱ्या युफ्रेस्को या अनेक देशांच्या जाळ्याचे उदाहरण देऊन आपण हे लिहिले आहे; त्या व्यवस्थेत सहसा प्रत्येक देश आपल्याच शास्त्रज्ञांना पैसे देतो. मिळून ठरवतात ते प्रश्न आणि वाटून घेतात ती उत्तरे. लेखणी उचलण्यापूर्वी एवढे पाहून घेतले असते तर बरे झाले असते.

माझा राग मात्र पुस्तकी नाही. 2019 च्या पावसाळ्यात सांवेरजवळच्या आमच्या शेतातील मक्याच्या पोंग्यांत, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसू लागली. बटाईदाराने पोंगा उलगडून अळी तळहातावर ठेवली, तेव्हा तिच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षराची खूण आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके मी चष्मा पुसून पाहिले. मूळ अमेरिकेतील ही लष्करी अळी 2016 मध्ये आफ्रिकेत आणि 2018 मध्ये कर्नाटकात पोचली होती. म्हणजे आपल्याला दोन वर्षे आधी वर्दी मिळालेली होती. सहा अळ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून, झाकणाला भोके पाडून, मी सोमवारी एका सरकारी कचेरीत नेल्या. “साहब दौरे पर हैं, गुरुवार को आइए,” असे सांगून बाबूंनी बरणी कपाटावर ठेवली. गुरुवारी साहेबांनी झाकण उघडले तेव्हा आत एकच, पण चांगली गलेलठ्ठ अळी होती, कारण दाटीत ठेवल्यास ही जात एकमेकींना खाते. “आपण अर्जात सहा लिहिल्या आहेत, नमुना जुळत नाही,” असे उत्तर मला मिळाले. आफ्रिकेत हीच अळी हाताळलेल्या कोणाशी या साहेबांची कधी गाठ पडली असती, तर त्यांनी बेरीज-वजाबाकी करण्याऐवजी अळीकडे पाहिले असते, असे मला नम्रपणे वाटते. बरणी अद्याप परत मिळालेली नाही.

आता आपल्या ‘परक्यां’विषयी. 2008 मध्ये कोइमतूरकडे पपईवर पिठ्या ढेकूण आला आणि औषधे फवारूनही आवरेना, तेव्हा त्याला मारणाऱ्या इवल्याशा परजीवी गांधीलमाश्या 2010 मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने पोर्तो रिकोहून बेंगळुरूला आणाव्या लागल्या. त्या पोर्तो रिकोत आधीच वाढवून ठेवलेल्या होत्या, म्हणून वेळेवर मिळाल्या. आपल्या स्फुटाच्या न्यायाने पोर्तो रिकोच्या करदात्याने तेव्हा काय म्हणायला हवे होते?

लांब कशाला जायचे? आपल्याच इंदुरात 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभारली, ती होळकर दरबारच्या जमिनीवर, कापूस समितीच्या अनुदानावर आणि मध्य भारतातील संस्थानांच्या वर्गणीवर. त्या वेळी कापसावरची कीड एकाच गावात नांदणाऱ्या दोन देवास संस्थानांपैकी थोरल्या पातीची की धाकट्या पातीची, असा वाद कोणी घातल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. आपल्या कार्यालयात कोणाला ठाऊक असल्यास जरूर छापावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, इंदूर

ता. क. स्फुटासोबत ‘लष्करी अळी’ म्हणून छापलेले चित्र टोळाचे आहे. टोळाला पंख असतात आणि तो पोंग्यात शिरून राहत नाही. मागच्या वर्षीही आपण हेच चित्र हुमणीच्या बातमीला लावले होते.