विलीनीकरणाचा हिशेब तालुक्यावर व्हावा

संपादक महोदय,

मोबाईल कंपन्या कमी झाल्या की चर्चा होते ती रिचार्जच्या दराची. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा ते साहजिकही आहे. पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याला याचा खरा फटका विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरमध्ये, म्हणजे कॉल करून मोटर चालू-बंद करण्याच्या सिमवाल्या यंत्रात, बसतो.

जुने स्टार्टर टू-जीवर, म्हणजे जुन्या पिढीच्या मोबाईल जाळ्यावर, चालतात. जिओकडे टू-जी नाही, म्हणून तिचे सिम त्यात चालत नाही. २०१६ मध्ये अशा स्टार्टरसाठी आयडिया, व्होडाफोन, एअरटेल, एअरसेल, टाटा डोकोमो, टेलिनॉर, बीएसएनएल यांतून निवड करता येत असे. २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर एअरटेलमध्ये मिसळली आणि ३१ ऑगस्टला व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. १ जुलै २०१९ ला टाटांची मोबाईल सेवाही एअरटेलकडे गेली. आता टू-जीसाठी उरल्या तीन: एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल.

दोन कंपन्या एक झाल्या की जवळजवळच्या दोन साईटपैकी (टॉवरवरच्या यंत्रणांपैकी) एक काढली जाते. शहरात हे जाणवत नाही. माळावर मात्र त्या दोन साईट दोन वेगळ्या वाड्यांना रेंज देत असतात. शिवाय ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब पोचते. तिचा हिस्सा फोर-जीकडे वळवला की टू-जीला जागा कमी पडते आणि स्टार्टरला कॉल लागत नाही. रात्रीच्या थ्री फेजला मोटर सुरू झाली नाही तर पाळी जाते. सुरू झालेली बंद करता आली नाही आणि विहीर आटली, तर मोटर कोरडी फिरून जळते.

विलीनीकरणाच्या २०१४ च्या नियमांत बाजारातल्या ५० टक्के वाट्याची मर्यादा आहे, पण ती मोजतात सर्कलवर. मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल. म्हणजे पुण्याचे ग्राहक आणि जतचे ग्राहक एकाच तराजूत. पुण्यात चार जाळी असली म्हणून जतजवळच्या उमदीच्या शिवारात दुसरे जाळे येत नाही. यापुढच्या कोणत्याही विलीनीकरणाला परवानगी देताना दूरसंचार विभागाने आणि स्पर्धा आयोगाने तालुकावार किती साईट राहणार हे कंपनीकडून लेखी घ्यावे. पर्यायी टू-जी नाही तिथली साईट किमान दोन वर्षे काढू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते.

तोवर शेतकऱ्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. सिम बदलण्याआधी ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या शिवाराजवळ कोणाचे टॉवर आहेत ते पाहा. बऱ्याचदा दोन कंपन्या एकाच टॉवरवर असतात. त्याची वीज गेली आणि बॅटरी उतरली की दोन्ही बंद, मग सिम बदलून उपयोग काय? नवे सिम आधी कीपॅड फोनमध्ये घालून विहिरीवरच तपासा. पोर्ट करायचे, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, तर स्टार्टरमधले सिमही त्याच फोनमध्ये घाला. १९०० वर PORT, मोकळी जागा, नंबर असा मेसेज करा; आलेला कोड महाराष्ट्रात चार दिवसच चालतो. ज्याच्या नावावर सिम आहे त्याचे ओळखपत्र लागते, आणि अनेकांचे सिम स्टार्टर विकणाऱ्याच्याच नावावर निघते, हे आधी बघा.

इंटरनेटचा पॅक घेऊ नका. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या डिसेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार फक्त कॉल-मेसेजचा पॅक मिळायलाच हवा, तोच मागा. पावसाळ्यात मोटर बंद असते तेव्हाची चूक महागात पडते. सलग ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवस वाढते.

आणि स्टार्टरची अँटेना पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. वायर बाहेर काढून अँटेना खांबावर माणसाच्या उंचीच्या वर, उभी बांधा. नुसत्या एवढ्याने पुन्हा लागू लागलेले स्टार्टर या भागात कितीतरी आहेत.

– मोबाईल स्टार्टर बसवणारे व्यावसायिक, जत (जि. सांगली)