ताल दिसला की कळतो

महोदय,

आपल्याकडच्या अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकसहभागातून टीव्ही आले. संगीताच्या तासाला मात्र ते बंदच असतात, याचे वाईट वाटते. तीनतालाच्या १६ मात्रा (ठोके) वहीत आडव्या ओळीत लिहिल्या की मुले पाठ करतात, पण आवर्तन, म्हणजे तालाची पुन्हापुन्हा येणारी फेरी, उमगत नाही. त्याच मात्रा पडद्यावर वर्तुळात मांडून ठिपका फिरवला, तर माथ्यावर ‘सम’ (पहिली मात्रा) आणि बरोबर तिच्यासमोर, ९ व्या मात्रेवर ‘खाली’ (जिथे टाळी द्यायची नसते) दिसते. ठिपक्याचा वेग मुलांच्याच हाती दिला, तर लय कमी-जास्त करत ती टाळी धरतात. दादरा तालालाही हेच वर्तुळ चालते, फक्त मात्रा ६.

गूगलची ‘क्रोम म्युझिक लॅब’ ही संगीताशी खेळत शिकायची वेबसाइट २०१६ पासून मोफत आहे. तिच्यातला स्पेक्ट्रोग्राम गाणाऱ्याच्या आवाजाचे चित्र तिथल्या तिथे उमटवतो. मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत गेले, की रेषा वळते. तिच्यातली गाणे रचण्याची जाळी मात्र ठरावीक सुरांच्या चौकटींची, तिथे मींड मावत नाही. म्हणून आपल्या संगीतासाठी, देवीच्या गोंधळातल्या संबळ वाद्यासाठीही, मराठीतली साधने हवीत. १३ व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतावरचा ग्रंथ रचला. त्याच मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी संगीत आणि संगणक विभागांना एकत्र बसवून हे काम हाती घ्यावे. साधने नेटशिवाय चालणारी असावीत, नाहीतर वाडी-तांड्यावरची मुले पुन्हा मागे राहतील.

– एक संगीत शिक्षिका, अंबाजोगाई