किंकाळीच्या आधी किडा दाखवा

मा. संपादक,

पावसाळा लागला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मागणी फिरते: गवत काढा, झाडं छाटा, मातीवर गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवा, साप निघतो. साप येतो उंदरांमागे आणि उंदीर येतात कचऱ्यावर. गट्टू बसवल्यानं उंदीर कमी होत नाहीत, मृगाचे किडे मात्र दिसेनासे होतात. पण आमचा मुद्दा सापाचा नाही, मुलांच्या मनात बसणाऱ्या भीतीचा आणि किळसेचा आहे.

सापाची भीती उपजतच असते, असं सर्रास बोललं जातं. मानसशास्त्रज्ञ सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग काही वेगळंच सांगतात. प्रयोगशाळेत जन्मलेली, साप कधीच न पाहिलेली माकडं सापाला भीत नव्हती. सापाला बिचकणारं दुसरं माकड पाहिलं, तेव्हा तीही बिचकू लागली. व्हिडिओत जोडकाम करून माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं, तर फुलाची भीती काही बसली नाही. म्हणजे सापाची भीती शिकायला मन तयार असतं, शिकवावी मात्र लागते. १९८६चा प्रयोग त्याहून कामाचा. आठ माकडांना आधी सापाजवळ निवांत बसलेलं माकड दाखवलं आणि मग घाबरलेलं. आठांपैकी सहांना भीती बसलीच नाही. आधी काय दिसलं, यावर सगळं ठरलं.

आपल्याकडे क्रम नेमका उलटा. लेकरू किड्याकडे पहिल्यांदा वाकलं रे वाकलं की मागून आवाज येतो, "हात नको लावू, चावते ते!"

सुरुवात करायला मृगाच्या किड्याइतका चांगला जीव नाही. पहिल्या दमदार पावसानंतर, सकाळी, मोकळ्या मातीत तो वर येतो. लालभडक, मखमली, फार तर सेंटिमीटरभर. बोट लागलं की पाय आखडून गप्प पडतो आणि जरा वेळानं चालू लागतो. तो चावत नाही. मुलाला पाय मोजू द्या: आठ निघतील, कारण तो खरा किडा नाहीच, कोळ्याच्या गोतातला आहे. मोठ्यानं आधी स्वतः उकिडवं बसून नुसतं पाहावं. "भिऊ नको" म्हणू नये, कारण इथं भिण्यासारखं काहीतरी आहे हे मुलाला त्यातूनच कळतं. हातात बळजबरीनं ठेवू नये. एका मोठ्यामागे आठ-दहा मुलं पुरे. चाळीस झाली की मागची ढकलतात, पुढचं एखादं किंचाळतं आणि तेवढ्यावर सगळा खेळ बिघडतो.

सगळंच गोंडस म्हणून दाखवणं ही दुसरी चूक. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, त्याचे केस टोचून आग होते. अंगाचं वेटोळं करणारा, पुष्कळ पायांचा वाणी किडा हाताळला तर हात धुवायचे, त्याचा स्राव डोळ्यात गेला तर झोंबतो. मुलांना एवढा हिशेब कळतो, घाबरवावं लागत नाही.

सापांचंही तेच. मण्यार समजून मारला जाणारा साप पुष्कळदा बिनविषारी कवड्या असतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारचे बारीक, बहुधा जोडीनं असलेले पांढरे पट्टे डोक्यापासून बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. हा फरक चित्रात शिकवावा. घरात साप निघाला तर तो तपासत बसू नये. लांब उभं राहून नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

राहिल्या शाळा. निसर्गसहली निघतात डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा जमिनीवर पाहण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सेमिनरी हिल्सला किंवा अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात न्याव्यात. मृगाचा किडा मात्र शाळांच्या हाती लागणं कठीण. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पहिला पाऊस बरेचदा त्याआधीच पडून गेलेला असतो. तेवढी एक सकाळ आईबाबांनीच काढायला हवी.

– मुलांच्या निसर्गसहली नेणारे काही मार्गदर्शक, नागपूर