खोकायला शिकवलंस, त्याबद्दल

डोंबिवली

प्रिय फिजिओ मॅडम,

सप्रेम नमस्कार. वॉर्डात मी तुला मॅडम म्हणायचे आणि तू मला काकू. माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून आज एकेरीवर येते. नाव घालत नाही, कारण पत्र उघड आहे आणि तुला न विचारता लिहिते आहे. बेड नंबर सात म्हटलं की तुला कळेल.

ऑपरेशनला परवा एक वर्ष झालं. सर्जनना फोन झाला, भूलतज्ज्ञांना झाला, आयसीयूच्या सिस्टरना पेढे पोचले. ज्या घरातल्या माणसाची फुफ्फुसं माझ्या छातीत आहेत, त्या घराचं नावगाव मला कधी कळणार नाही. रोज दिवा लावताना त्यांच्यासाठी हात जोडते. तुझे आभार तेवढे राहिले. ते फोनवर दोन मिनिटांत उरकायचे नव्हते.

आमच्या खिडकीच्या छज्जावर वर्षानुवर्षं कबुतरं बसायची. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुफ्फुसाला सूज येते आणि ती टिकून राहिली की फुफ्फुस कडक होत जातं, हे मला फार उशिरा समजलं. तोवर दोन वर्षं दम्याची औषधं घेत होते. असो. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं तेव्हा तू मला ऑक्सिजन लावून सहा मिनिटं चालवलंस. १३५ मीटर झाले. मी रडले, आणि तू वहीत आकडा लिहून म्हणालीस, "काकू, ही आपली सुरुवात."

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस मला तुकड्यातुकड्याने आठवतात. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत छातीवर आडवा छेद, मधलं हाड आडवं कापून तारेने जोडलेलं, दोन्ही बाजूंना नळ्या. आणि तू येऊन म्हणायचीस, "खोका." मला तुझा रागच यायचा. खोकले तर आतले टाके उसवतील, या भीतीने मी श्वाससुद्धा वरवर घ्यायचे. तिसऱ्या दिवशी मी तोंड फिरवून घेतलं. तू रागावली नाहीस. खुर्ची ओढलीस, माझ्या चार्टच्या मागे पेनने एक चित्र काढायला लागलीस.

मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. फुफ्फुसांचं चित्र डोळे मिटून फळ्यावर काढीन. पण तू जे काढलंस ते माझ्या चित्रात कधीच नव्हतं. हृदयाकडून फुफ्फुसात येणारी मोठी धमनी सर्जन जोडतात, परत जाणाऱ्या शिरा जोडतात, श्वासनळीची फांदी जोडतात. मात्र त्या फांदीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या सहसा तुटलेल्याच राहतात. सुरुवातीला त्या जोडाला रक्त मिळतं ते फुफ्फुसातून उलट वाटेने, कमी दाबाने. म्हणून सगळ्या छातीत जपायची जागा ती. "खोकल्याने हा जोड तुटत नाही, काकू. कफ साठून त्यात जंतू वाढले तर जोडाला धोका."

मग तू त्या जोडाची गोष्ट सांगितलीस. १९६३ साली अमेरिकेत मिसिसिपीला जेम्स हार्डींनी पहिल्यांदा माणसात फुफ्फुस बसवलं. तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांत जगभर चाळीसच्या आसपास प्रयत्न झाले, आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा आठवड्यांत गेले. पुष्कळांचा घात त्या जोडाने केला. तो भरूनच यायचा नाही. टोरंटोत जोएल कूपर यांच्या चमूने कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलं, तर शरीराने नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून दिलेली भरपूर स्टेरॉइडच जोड भरून येण्याच्या आड येत होती. त्याच कामासाठी तेव्हा नव्याने आलेल्या सायक्लोस्पोरिन या औषधाने तसं होत नव्हतं. शिवाय पोटात आतड्यांवर असतो तो चरबीचा पदर वर ओढून जोडाभोवती गुंडाळला, की त्यातल्या रक्तवाहिन्या जोडाला रक्त पुरवायच्या. नोव्हेंबर १९८३ मध्ये टॉम हॉल या ५८ वर्षांच्या गृहस्थांवर त्यांनी हे केलं. आधीचे इतके प्रयत्न फसलेत हे माहीत असूनही ते टेबलावर गेले, आणि पुढे सहा वर्षांहून अधिक जगले.

मी तेव्हा ऐकताना रडत होते, ते दुखण्याने नाही. माझ्याआधी त्या टेबलावर गेलेली ती सगळी माणसं डोळ्यांपुढे आली. ती कुत्रीही आली. आता तो पदर सहसा गुंडाळावा लागत नाही, दात्याकडची नळी फुफ्फुसाजवळ आखूड कापली की जोड चांगला भरतो, आणि स्टेरॉइडही बेताच्या मात्रेत पहिल्यापासून देतात, हे तूच सांगितलंस. आजूबाजूच्या ऊतींतून जोडाकडे नव्या रक्तवाहिन्या कशा येतात ते दाखवायला तू एक बाण काढत होतीस, तेवढ्यात बेड नंबर तीनची बेल वाजली. तू पळालीस.

त्या संध्याकाळी टॉवेलची गुंडाळी छातीशी धरून मी पहिल्यांदा मनापासून खोकले.

दुसरी गोष्ट तू त्याहून महत्त्वाची शिकवलीस. फुफ्फुस काढताना त्याच्या नसा कापल्या जातात आणि त्या जोडता येत नाहीत. जोडाच्या खाली कफ साठला तरी मेंदूला खबर जात नाही, खोकल्याची उबळ येत नाही. "म्हणून काकू, खोकला आला की खोकायचं नाही. वेळ झाली की खोकायचं." चष्म्याची काच पुसायला आपण तोंडाने 'हाऽ' करून वाफ सोडतो, तसा पोटातून जोर लावून श्वास बाहेर टाकायला शिकवलंस. बाराव्या दिवशी मला काहीच त्रास जाणवत नव्हता, आणि एक्स-रेत डावं फुफ्फुस खालून पांढरं आलं होतं. माझं मलाच खरं वाटेना. तुझी ड्यूटी चारला संपत होती. तू आठपर्यंत थांबलीस. कुशीवर वळव, वाफ दे, दीर्घ श्वास, 'हाऽ', पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुर्बिणीने उरलेला कफ काढला आणि म्हणाले, जोड गुलाबी आहे. ते मला सांगत होते आणि मी दारात तुला शोधत होते.

उठताना हातांवर जोर न देता कुशीवर वळून पाय खाली सोडायचे, तीन महिने पाण्याची बादली उचलायची नाही, हे सगळं पाळलं. हात डोक्यावर जाईना तेव्हा तू व्यायामाचं नाव बदललंस. "आज वेणी कुठवर?" असं विचारायचीस. नवव्या आठवड्यात मी माझी वेणी माझ्या हाताने घातली.

आता रोज सकाळी घरच्या यंत्रात फुंकून आकडा वहीत लिहिते. तुझ्याच वहीत. पपनस समोर आलं तरी हात लावत नाही, औषधाची रक्तातली पातळी वाढते म्हणून. सहा वाजता आणि रात्री झोपताना मोबाइल वाजतो, तेव्हा घरात सगळ्यांना ठाऊक असतं की आई आता खोकणार. गेल्या महिन्यात सहा मिनिटांत ४७० मीटर झाले. तो आकडा डॉक्टरांच्या आधी तुला सांगायचा होता, पण तू रजेवर होतीस.

येत्या चौदा तारखेला तपासणी आहे. तो चार्टचा कागद मी जपून ठेवला आहे, घडीवर थोडा फाटला आहे. पेन घेऊन येते. तो बाण पुरा करून दे.

तुझी,
बेड नंबर सातची काकू