बाबांच्या खिशात गुळाचा खडा

ति. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर मला नीट बोलताच आलं नाही. रात्री साडेदहाला आईचा आवाज ऐकला आणि माझेच पाय गळाले. "अगं, यांना दरदरून घाम सुटलाय, हात लटलटाय लागलाय, काय बोलत्यात ते कळंना झालंय." आईनं डब्यातला गुळाचा खडा फोडून बाबांच्या तोंडात दिला, वर पाणी पाजलं आणि पंधरा-वीस मिनिटांत बाबा सावरले. आई, तू अगदी बरोबर केलंस. बाबा शुद्धीत होते, गिळत होते, म्हणून ते जमलं. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

बाबा, त्या दिवशी तुम्ही शुगरची गोळी घेतलीत आणि रात्रीची भाकरी टाळलीत. शुगर वाढलीय तर खायचंच कशाला, हा तुमचा हिशेब. तुम्हाला गोळी लिहून दिली, पण ती पोटात जाऊन करते काय, हे कुणी सांगितलं नाही, याचा मला फार राग आहे. मी रोज मुलांना हेच शिकवते आणि स्वतःच्या वडिलांना कधी सांगितलं नाही, याचं त्याहून वाईट वाटतं. म्हणून हे पत्र.

मामांचं गुऱ्हाळ आठवा. वर काहिलीत रस उकळतोय आणि खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जळताहेत. रक्तातली साखर म्हणजे असंच जळण आहे, बाबा. विष नव्हे. भाकरीतला स्टार्च आतड्यात फुटतो, त्याचं ग्लुकोज होतं आणि ते रक्तातून पेशीपेशीच्या दारात जातं. फरक इतकाच की चुलवाणात सगळी धग एकदम बाहेर पडते, तर पेशीत तेच जळण ज्वाळेशिवाय, 37 अंशांवर, एकेक पायरीनं जळतं.

ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे 6 अणू असतात. पेशी आधी त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करते. त्यासाठी तिला पदरचे 2 एटीपी घालावे लागतात, मग 4 मिळतात. एटीपी म्हणजे ऊर्जा पोचवणारा रेणू, पेशीची रोजची मजुरी. मिळाली की खर्च, साठवण जवळजवळ नाहीच. अंगात कुठल्याही क्षणी पाव किलोसुद्धा एटीपी नसतं, पण तेच पुन्हा पुन्हा तयार होत दिवसभरात जवळपास आपल्या वजनाइतकं वापरलं जातं. 1929 मध्ये हा रेणू शोधणाऱ्यांत आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, तिकडे हार्वर्डमध्ये. हे नाव वर्गात घेताना मी दरवर्षी थोडं थांबते. मुलांनी ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

खरी कमाई पुढं, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या बारीक भट्ट्यांत होते. तिथं त्या तुकड्यांतला कार्बन सुटतो आणि आपण तो कार्बन डायऑक्साइड म्हणून श्वासावाटे टाकतो. दुपारची भाकरी अशी नाकावाटे बाहेर जाते. निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर हायड्रोजनचे प्रोटॉन एका पातळ पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात आणि तिथं तुंबतात. राधानगरीला धरणाच्या भिंतीमागं पाणी तुंबतं ना, तसेच. मग ते एका वाटेनं परत येतात आणि त्या वाटेवरचं प्रथिनाचं चक्र फिरवतात. सेकंदाला शंभराहून जास्त फेरे! त्या फिरण्यातून एटीपी बनतं. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये हे मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शेवटी ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेतो आणि त्याचं पाणी होतं. एका ग्लुकोजमागं एकूण 30 ते 32 एटीपी हाती लागतात.

आता त्या रात्रीचं. मेंदू वजनानं शरीराच्या 2 टक्के, पण ऊर्जेचा पाचवा हिस्सा एकटा खातो, आणि त्याच्या घरात ग्लुकोजचा साठा नसल्यासारखाच. तुमची गोळी ज्या प्रकारची आहे ती स्वादुपिंडाला इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारं संप्रेरक, सोडायला लावते, तुम्ही जेवा अथवा न जेवा. भाकरी आलीच नाही, साखर मात्र उतरत गेली. घाम, थरथर, बोबडी वळणं हे सगळं त्यामुळं.

मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय ते यापुढचं. इन्सुलिनची हाक आली की स्नायूंच्या पेशी साखर आत घेणारे दरवाजे वर आणतात. तुमच्या पेशींना ती हाक आता नीट ऐकू येत नाही. पण स्नायू राबायला लागला की तेच दरवाजे इन्सुलिनची वाट न बघता वर येतात. तालमीत बैठका मारून कमावलेल्या तुमच्या मांड्या मी लहानपणी पाहिल्यात. आज त्या बारीक झाल्या असल्या तरी जेवणानंतरची साखर रिचवायला अंगात त्यांच्याएवढी मोठी जागा दुसरी नाही. शुगर निघाल्यापासून तुम्ही खुर्ची सोडत नाही, त्याचाच मला घोर लागलाय. चालत राहिलं की स्नायूंत नवे मायटोकॉन्ड्रिया तयार होतात, या वयातही.

आणि आई, हे मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात. माझ्या पेशी-पेशीत जे काही राबतंय ते तुझ्याकडून आलंय, तुला तुझ्या आईकडून. तू मात्र सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खातेस. ताटात उसळ, अंडं, दही रोज हवं. तुझेही स्नायू झिजताहेत.

तर बाबा, डॉक्टरांना त्या रात्रीचं सगळं सांगा आणि गोळीची वेळ, मात्रा पुन्हा ठरवून घ्या. गोळी घेतली की जेवायचं. जेवणानंतर दोघांनी पंधरा मिनिटं रंकाळा तलावाच्या काठानं हळूहळू फिरायचं, पाऊस असेल तर घरातल्या घरात. आई, फिरायला निघताना बाबांच्या सदऱ्याच्या खिशात कागदात बांधून गुळाचा खडा ठेव. मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतेय, रविवारी आपण तिघं जाऊ.

तुमची,
ताई